आबाचा जॅक

८ सप्टेंबर, सोमवार

आज शटर पुरं वर केलं. गजूच्या हातावर जीप बसली तेव्हापासून अर्धंच उघडत होतो. गिऱ्हाईक वाकून आत बघायचं अन् तसंच निघून जायचं. जीप मालकानं ओढून नेली. जॅक मात्र त्याच जागी. कुणी हलवला न्हाई, मीबी न्हाई. फरशी मंगलनं धुतली, पण जॅकच्या भोवतालची तेवढी ठेवली. बायकोला इचारलं, काहून? म्हणली, माझ्यानं हात लावला गेला न्हाई.

गजू डोंगरकड्याला, सासुरवाडीत. दवाखान्यातून थेट तिकडंच गेला. धाकटा भाऊ घर असून पाहुण्यात पडलाय, अन् बाळापुरात जो तो मला इचारतो, हात कसा हाय. डाव्या हाताची दोन बोटं गेली. बाकी हात ठीक हाय म्हणायचं.

आबा ओट्यावर. खुर्ची रस्त्याकडं, पाठ गॅरेजकडं. एवढ्या वर्षांत आमचा बाप कधी गॅरेजकडं पाठ करून बसला नव्हता.

९ सप्टेंबर, मंगळवार

जॅक ओढून उजेडात आणला. माझीच जुनी गाडी त्यावर उचलली, गाडीच्या उंचीला खांबावर खडूनं रेघ मारली. अन् गाडीखाली ठोकळा सरकवला. चहा प्यायला गेलो. येऊन बघतो तर गाडी ठोकळ्यावर टेकलेली. आवाज न्हाई, काही न्हाई. गुपचूप बसतो हरामखोर.

त्या दिवशी मी हिंगोलीला सामान आणायला गेलतो. इथं असतो तर...

हे लिहून काय उपेग.

आबा ओट्यावरूनच, मान न वळवता : "काय करून राहिला?"
म्हणलं, कुठून बसतो ते बघून राहिलो.
"जॅकात काय बघतो? ठोकळा लावला असता तर जॅक बसला काय अन् न्हाई बसला काय."
बरोबर हाय. म्हणूनच राग येतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

उद्या खोलतो. आज नुसता पुसला.

बाळापुरात सगळे पेचाचा जॅक फिरवत होते तेव्हा आबानं हा ट्रॉली जॅक नांदेडच्या भंगारातून आणला. तेव्हाबी जुनाच होता. आई सांगायची, पहिले काही दिवस जॅक घरात, अन् आबा त्याच्या शेजारी अंथरूण टाकून. चोरी होईल म्हणून. गावात अजून बी कुणाची गाडी फसली की म्हणतात, आबाचा जॅक आणा. आमचा म्हणत न्हाईत. आमीबी कधी म्हणलो न्हाई. त्याचं बूच उघडायचं, तेल टाकायचं, सगळं आबाकडं. तेल कमी झालं की वरून टाकायचा, खालचं कधी काढू द्यायचा न्हाई. म्हणायचा, मुरलेलं तेल हाय, राहू दे.

आता आबाचे गुडघे गेले, नजर गेली. पण जॅकची चावी, म्हणजे मालकी, दिलेली न्हाई. मी न इचारता खोलणार हाय. बघू.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

खोलला. आबाला म्हणलं, खोलतो. तो काय बोलला न्हाई, म्हणजे व्हय धरलं.

तेल काढलं. काळं, दाट, काकवीसारखं ओघळत होतं. पिस्टन बाहेर ओढला. त्यावरचा वायसर, म्हणजे तेल अडवून धरणारं रबर, पार गेलेलं. ओठ झिजलेला, एका बाजूला चीर, नखानं दाबलं तर कडक. सायकलीची तार वाकवून आकडा केला अन् उपसून काढलं. पंपाचं बारकं रबर तर हातात आल्याबरोबर मोडलं.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. वय झालं होतं रबराचं, बस. कुणाचा दोष न्हाई. गजूला सांगता येईल, आबाला सांगता येईल.

एकच. तेलाचा वास येगळा. कुठं तरी घेतलेला वास, पण गॅरेजातला न्हाई.

१५ सप्टेंबर, सोमवार

नांदेड. पिस्टन फडक्यात गुंडाळून पिशवीत. बसमधी शेजारची म्हातारी म्हणली, लेकरू झोपलंय का? म्हणलं, व्हय मावशे, जड हाय लई.

रशीदभाईच्या दुकानात या जॅकच्या रबरांचं किट न्हाई. कुठंच न्हाई म्हणला. जुना वायसर काउंटरवर ठेवला तर त्यानं बाजूला सारला. "इसपे नाप मत ले भाई, ये सूज के सूक गया." पिस्टनची खाच मोजली, डबे उपसले, दोन काढून दिले. मग जुना उचलून दिव्यापाशी धरला. "इसमें क्या डालते थे तुम लोगां? ब्रेक ऑइल?" म्हणलं, न्हाई, जॅकचंच तेल. मान हलवली. "कुछ और बी गया है इसमें." गिऱ्हाईक आलं, गोष्ट तिथंच राहिली.

परतताना डोंगरकड्याला उतरलो. गजू केळीच्या बागंपाशी बसला होता, हात मांडीवर उताणा. मला बघून हात खिशात घालायला गेला, जमलं न्हाई.

वायसर दाखवला. म्हणलं, हे बघ, रबर गेलतं. त्यानं बघितलं बी न्हाई.
"भाऊ, ठोकळा न्हाई लावला हे खरं हाय. मी कुठं न्हाई म्हणतो? पण आबाचा जॅक होता ना. आबाचा जॅक बसला असं कुणी ऐकलं होतं का?"
मग हाताकडं बघत : "आबा दवाखान्यात आला. खाटंपाशी उभा राहिला. म्हणला, ठोकळा काहून न्हाई लावला. बस. दुखतं का, एवढं इचारलं असतं तर..." 

मेव्हण्यानं पुण्याकडं कंपनीत वॉचमनचं काम बघितलंय. दसरा झाला की जाणार. शीतल, त्याची बायको, आतून पाणी घेऊन आली तर डोळे सुजलेले. तिला जायचं न्हाई, हे दिसतच होतं. पण ती कुणाला सांगणार?

रेंचवर गजूसारखा हात बाळापुरात न्हाई. गेट उघडायला जाणार. संताप आला माझा मलाच, बसमधी बसल्यावर.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्रामाचा दिवस, शाळेत झेंडा. दिवसभर पाऊस. सोयाबीन पाण्यात. गिऱ्हाईक न्हाई.

आबाला सांगितलं, गजू पुण्याला चाललाय. 
"जाऊ दे."
मग : "कधी?"
म्हणलं, दसरा झाला की.
पुन्हा रस्त्याकडं तोंड.

दोघं बी एका मातीचे. कुणी पहिलं बोलायचं, यावर जीव द्यायला तयार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नवे वायसर बसवले. कोमट तेलात भिजवून, सिलिंडरची कड पॉलिश पेपरनं घासून, म्हणजे ओठ कापायला नको. फडकं बी सुती घेतलं न्हाई, त्याचे धागे सुटतात. आबानंच शिकवलेलं हाय हे सगळं. हात आपोआप चालत होते अन् कानात आबाचाच आवाज : सावकाश, सावकाश, लगीन लागून न्हाई राहिलं.

नवं तेल. हवा काढली. गाडी उचलली. खडूची रेघ.

बसला. पहिल्यापेक्षा हळू, पण बसला.

काहून? वायसर नवे, तेल नवं. लाथ घातली जॅकला. आबा बाहेरून म्हणला, "लागलं का पायाला?" गजूला इचारायला पाहिजे होतं ते मला इचारतो.

२० सप्टेंबर, शनिवार

सापडलं. न सापडतं तर बरं झालं असतं.

जॅकच्या बुडाला एक छर्रा असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो आपल्या खाचंत घट्ट बसला तरच तेल अडून राहतं अन् गाडी वर राहते. तो काढला. त्याला अन् खाचंला पिवळं, चिकट, वाळलेल्या डिंकासारखं लागलेलं. डिझेलनं निघंना. खरवडावं लागलं. छर्रा त्या डिंकावर बसायचा, खाचंत न्हाई. कधी बराबर बसला तर जॅक दिवसभर धरायचा. कधी न्हाई बसला तर...

मंगल चहा घेऊन आली. नखावर घेतलं, वास घेतला.
"हे करडीचं तेल हाय."
म्हणलं, येडी का? जॅकात करडीचं तेल कुठून येईल?
"बरणीच्या बुडाला असंच धरतं. घासून घासून हात दुखतात माझे. मला सांगता?"
अन् मग तिनं ओट्याकडं बघितलं. मीबी बघितलं.

खंडेनवमी.

दर खंडेनवमीला पाने, हातोडे, सगळं धुऊन पोत्यावर मांडायचं. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. सगळ्यात शेवटी आबा जॅकचं बूच उघडायचा अन् नव्या बरणीतलं करडीचं तेल पळीभर आत ओतायचा. आमी लहान होतो तेव्हापासून. म्हणायचा, "वरीसभर लोकांच्या गाड्या उचलतंय लेकरू, सणाला त्याच्या तोंडात घास नको का?" आई हसायची. आमी हात जोडायचो. पळीभर. दर साली. अन् खालचं तेल कधी काढायचं न्हाई.

रशीदभाई म्हणला ते हे. वास ओळखीचा वाटला तो स्वयंपाकघरातला.

मंगल एवढंच म्हणली, "आबांना सांगू नका. मरून जातील." ती आत गेली. मी छर्रा हातात घेऊन कितीक येळ बसलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. गॅरेज बंद. डोकं चालू.

गजूला सांगितलं तर? त्याच्या उरावरचं उतरंल. गाव म्हणतं निष्काळजी, आबा म्हणतो निष्काळजी. त्याला कळायला पाहिजे की त्या जॅकवर कुणीबी असतं तरी... पण ठोकळा लावला असता तर हात वाचला असता, हे बी खरं. वायसर झिजला होता, हे बी खरं. करडीच्या तेलानं छर्रा धरला न्हाई, हे बी खरं. ह्यातलं एकच उचलून कुणाच्या तोंडावर कसं मारायचं?

अन् आबाला सांगितलं तर? ज्यानं लेकरू म्हणून घास भरवला, त्याच घासानं पोटच्या लेकराचा हात गेला, असं म्हाताऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? मला भीती वाटते. लिहून ठेवतो, भीती वाटते.

न सांगावं तर खंडेनवमी आठवड्यावर आली. आबा पळी घेऊन येणार. 

२४ सप्टेंबर, बुधवार

खाच साफ केली. पेट्रोलनं, मग काडीला कापड गुंडाळून. नवा छर्रा ठेवला, वर पितळी कांडी, अन् एक हलका ठोका. तेवढ्यानं छर्रा आपली जागा धरतो. जोरात मारलं तर खाच बिघडते. दोनदा उचलून बाजूला ठेवली कांडी, मगच मारला.

जुना छर्रा, वायसर अन् खरवडलेला डिंक डब्याच्या झाकणात ठेवलाय, फळीवर. फेकून द्यायला पाहिजे. फेकवत न्हाई.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल दुपारी गाडी उचलली, खाली ठोकळा. रेघ मारली. आज सकाळी रेघ तिथंच. दुपारी तिथंच. आता संध्याकाळी बी तिथंच.

आनंद व्हायला पाहिजे. झाला बी थोडा.

आबा काठी टेकत आत आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. रेघंला डोळे लावून बघितलं, बोटानं चाचपली.
"कशानं बसत होता?"
"वायसर जुने झालते."
"आन?"
"आन काय न्हाई."
खोटं बोललो. आबा फळीपाशी गेला, भिंतीला टेकून उभा राहिला, उगाच डबे इकडं तिकडं सरकवले. पिन शोधतो म्हणला. कसली पिन, काय म्हाईत. तेवढ्यात बाहेर टेम्पोवाल्यानं हाक मारली म्हणून मी गेलो. परत आलो तर आबा ओट्यावर. खुर्ची तशीच, पण हात नाकापाशी धरलेला.

झाकण फळीवर होतं. जिथं होतं तिथंच. म्हणजे मला वाटतं तिथंच.

रात्री जेवला न्हाई. मंगलला म्हणला, पोट जड हाय.

२८ सप्टेंबर, रविवार

मंगलनं शीतलला फोन केला. खंडेनवमीला जेवायला या. गजू आधी न्हाई म्हणला. मग म्हणला येतो, माझे राहिलेले कपडे बी न्यायचे हायेत. 

मी फोन हातात घेतला. म्हणलं, गजू, जॅकचं सापडलं. 
"काय सापडलं?"
आबा ओट्यावर होता, दार उघडं. 
म्हणलं, आलास की बोलू.
"बोलून काय करता भाऊ आता," म्हणला अन् ठेवला.

पाऊस थांबायचं नाव न्हाई. मंगलनं इचारलं, आबा, यंदा करडीची बरणी नवी फोडू का? नेहमी तोच मागं लागतो. आज नुसती मान हलवली. व्हय की न्हाई, तिलाबी कळलं न्हाई. तिनं फोडली.

३० सप्टेंबर, मंगळवार

ठरवलं. आबानं बूच उघडलं तर हात धरायचा अन् म्हणायचं, आबा, यंदा नको, तेल नवं हाय. काहून म्हणला तर सांगून टाकायचं. गजूसमोर. काय व्हायचं ते होऊ दे.

बूच मोठ्या पान्यानं आवळलं. आबाच्यानं सुटणार न्हाई एवढं. मग वाटलं, हे काय करून राहिलो आपण. म्हाताऱ्याशी कुस्ती? पुन्हा सैल केलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळी पाऊस उघडला. पाने धुतले, पोत्यावर मांडले. जॅक मधोमध, त्याची जागा ठरलेली. शेजारी ठोकळा ठेवायला गेलो तर तिथं आधीच होता, धुतलेला. मी धुतला नव्हता. मंगल म्हणली, मीबी न्हाई.

गजू अन् शीतल आले. रिकामी बॅग ओट्यावर ठेवली, आत आणली न्हाई. गजूनं आबाच्या पाया पडल्यासारखं केलं, आबानं आशीर्वाद दिल्यासारखं. दोघं बी दुसरीकडं बघत.

पूजा आबानं केली. हळद-कुंकू पहिलं ठोकळ्याला. मग जॅकला, मग बाकी सगळ्याला. असं आधी कधी केलं नव्हतं. नारळ फोडला. मंगलनं तेलाची वाटी पुढं केली. आबानं पळी भरली.

आबा जॅकपुढं मांडी घालून बसला होता, एका हातात पळी, दुसऱ्या हाताचा अंगठा बुचावर. मी वाकलो बी, म्हणायला. अंगठा बुचावर तसाच. फिरवत न्हाई, काढत न्हाई. एवढा येळ गेला की शीतलनं माझ्याकडं बघितलं.

"गजू, इकडं ये."

दवाखान्यानंतरचा पहिला शब्द. गजू उठला, समोर बसला.

"हात दे."

गजूनं उजवा पुढं केला.

"तो न्हाई. तो."

गजू हलंना. आबानंच मांडीवरचा त्याचा डावा हात ओढून घेतला, उताणा केला अन् पळीतलं तेल तळव्यावर ओतलं. सगळं. मग पळी खाली ठेवून चोळायला लागला. अंगठ्यानं, टाक्यांच्या कडंकडंनं, वर, जिथं बोटं न्हाईत तिथपर्यंत. गजू दातावर दात. तेल ओघळलं अन् खाली जॅकवर, बुचापाशी ठिबकलं. आबानं चोळणं थांबवलं. धोतराचा सोगा घेतला अन् ते तेल पुसलं. बुचाच्या आट्यात शिरलेलं बी सोग्याच्या टोकानं टिपून काढलं. एक थेंब ठेवला न्हाई.

तेव्हा मला कळलं, झाकण कुणी उचललं होतं ते.

आबानं पुन्हा हात धरला. मान खालीच.

"दुखतं का रे?"

गजूचा चेहरा मी बघितला न्हाई. माझ्याच्यानं बघितला गेला न्हाई. मंगल तोंडाला पदर लावून आत गेली.

"दुखतं आबा. लई दुखतं."

आबा चोळतच राहिला. सांगायचं म्हणून जे ठरवलं होतं ते माझ्याजवळच राहिलं, अन् आबाजवळ त्याचं. गजूला म्हाईत न्हाई. कधी सांगायचं, कुणी सांगायचं, आबा का मी...

जेवणं झाली. आबानं खुर्ची ओढून आत, गॅरेजकडं तोंड करून ठेवली. गजू ठोकळ्याशेजारी बसला होता. जॅककडं बघत म्हणला, "भाऊ, बसतो कशानं, ते सापडलं म्हणला होतात."

म्हणलं, उद्या बोलू. आज हत्यारांना हात लावायचा नसतो.

बॅग अजून ओट्यावरच हाय. शीतलनं कपडे भरले का न्हाई, मी बघितलं न्हाई.